कोपऱ्यापासून वीस फूट

तिसऱ्यांदा टेप टाकली, तरी आकडा तोच आला.

टेपचं एक टोक पालिकेच्या उपयंत्री, म्हणजे इंजिनिअर मॅडमनी श्रुतिकाच्या हाती दिलं होतं. श्रुतिका ते घराच्या कोपऱ्यावरच्या दगडाला असं दाबून उभी होती, की सोडलं तर सगळं बालाघाट घरंगळत वैनगंगेत जाईल. शाळेत भाषणाचं पहिलं बक्षीस मिळाल्यापासून जगातली सगळी कामं आपल्यासाठीच खोळंबली आहेत, असं तिला वाटायचं. हे काम तर चक्क सरकारी होतं!

"यहाँ तक बीस फीट," मॅडमनी गल्लीकडच्या भिंतीवर खडूची रेघ ओढली. मग दहा फूट पुढं जाऊन दुसरी. "और ये आपका मुँह. इसके आगे तो आपका सेप्टिक टैंक है. बस, गाड़ी यहीं से निकलेगी."

"मॅडम, एक बार और नापो ना जी," मोठेबाबा म्हणाले.

"दादाजी, तीन बार नाप दिया. टेप है, रबर थोड़ी है."

श्रुतिकाला हसू आलं, पण मोठेबाबांकडं पाहिलं आणि ते तोंडातच विरलं. प्रेमलाल, तिच्या बाबांचे थोरले भाऊ. चौसष्ट वर्षांचे. धान गारपिटीत गेलं तरी ज्यांची भुवई हलत नसे, ते मोठेबाबा त्या दोन रेघांकडं असे बघत होते, जणू कुणी त्या त्यांच्या पाठीवरच ओढल्या होत्या.

तसा नियम सरळ होता. कोपऱ्यावरच्या घरानं गाडीचं तोंड कोपऱ्यापासून वीस फूट सोडूनच काढायचं, एका घराला एकच तोंड, आणि रॅम्प नालीच्या पुढं वीतभरही नको. मोठेबाबांनी बांधलेला रॅम्प समोरची नाली गिळून मोठ्या रस्त्यात चार फूट जीभ काढून बसला होता. त्याच्यावर सकाळीच लाल रंगाची फुली पडली होती. समोरची बाजू तीस फूट. त्यातले वीस सोडले तर उरलेल्या दहांत बिजलीचा ट्रान्सफॉर्मर. म्हणजे राहिली गल्ली. आणि गल्लीत राहिली ती भिंत.

घर सगळं सिमेंटचं होऊन अठरा वर्षं झाली होती. मातीच्या खोल्या गेल्या, कौलं गेली, अंगणाला ब्लॉकचं कंपाउंड आलं. तेवढा हा जुन्या विटांचा तुकडा मात्र तसाच ठेवला होता, नव्या कवळीत एक जुना दात राहावा तसा. का ठेवला, ते कुणी सांगत नसे. दर दिवाळीला त्याला चुना लागायचा आणि संक्रांतीच्या आत त्या चुन्यातून एक ओलसर चौकट वर यायची. माणसाएवढी उंच, खाटेएवढी रुंद. भिंतीच्या बुडाशी दर हिवाळ्यात मोहरी उगवायची. कुणी पेरत नसे, कुणी खुडत नसे.

खडूच्या दोन रेघांच्या बरोबर मधोमध ती चौकट होती.

"गुरुवार को मशीन आएगी," मॅडम टेप गुंडाळत म्हणाल्या. "सामने नाली खुदेगी, महीनाभर गड्ढा रहेगा, चार फीट का. आवेदन अभी भर दो तो शुक्रवार के शिविर में परमिशन मिल जाएगी. घर में कोई बीमार-वीमार तो नहीं ना?"

अंगणात खाटेवर ऊन घेत बसलेली पौर्णिमावहिनी आतूनच ओरडली, "बीमार नहीं मॅडम! पर नौवाँ महीना चालू है. गाड़ी तो लगेगी!"

*

दुपारी बाराला रजतदादाची व्हॅन आली. रजत म्हणजे मोठेबाबांचा एकुलता एक, पौर्णिमाचा नवरा. शहरातल्या केजीच्या पोरांना शाळेत नेणं-आणणं हा त्याचा धंदा. गाडी मागं घेताना काही आडवं आलं की टूं-टूं करणारं यंत्र त्यानं गोंदियाहून बसवून आणलं होतं. लांब असलं तर सावकाश, जवळ आलं तर घाईनं. श्रुतिका त्याची इतकी झकास नक्कल करायची, की दोनदा दादानं खरंच ब्रेक मारला होता.

लाल फुलीवरून गाडी नेणं बरं दिसेना, म्हणून त्यानं ती मागच्या टोकाच्या मैदानाकडून गल्लीत उलटी घातली. श्रुतिका मागं उभी राहून हात हलवत होती. "येऊ दे, येऊ दे! काहीच नाही!"

टूं... टूं...

"येऊ दे ना!"

टूंटूंटूंटूं.

दादा थांबला. उतरला. मागचा पत्रा शर्टाच्या बाहीनं पुसला. गल्ली रिकामी, एक कुत्रंही नव्हतं. तो पुन्हा बसला, पुन्हा वीतभर मागं आला, आणि यंत्र पुन्हा जीव चालल्यासारखं ओरडायला लागलं.

गाडीत शेवटची एकच सवारी उरली होती. खुशी, गल्लीच्या टोकाला राहणारी, पाच वर्षांची. ती मागच्या सीटवर गुडघे टेकून काचेतून बाहेर बघत होती.

"भैया, आंटी को बोलो ना हटने को."

"कौन सी आंटी?"

"वो, दीदी के बाजू में."

श्रुतिकानं बाजूला पाहिलं. तिथं मोहरी होती. पिवळीधमक. वारा नव्हता, तरी मधली दोन-तीन झाडं हलत होती.

न विचारता राहील ती श्रुतिका कसली. "क्या कर रही है आंटी?"

"नीचे बैठी है," खुशीनं कंटाळून सांगितलं. "कुछ बीन रही है."

दादानं गाडी पुढं घेतली आणि थेट मैदानात नेऊन लावली. खुशीला घरी सोडून दोघं मोठ्या रस्त्यानं, लांबून चालत आले. घराजवळ आल्यावर दादा म्हणाला, "यंत्रात ओल गेली असन."

"हौ," श्रुतिका म्हणाली. तिला एकाच अक्षरावर थांबताना त्यानं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

*

गोदाआत्या साडेचारच्या बसनं कटंगीहून आली. मोठेबाबांनीच फोन करून बोलावलं होतं. ती मोठेबाबांच्या पाठची बहीण, साठीची, काटक. चप्पल काढायच्या आधी भांडण काढणारी. बस गल्लीच्या मागच्या, मैदानाकडच्या तोंडाशीच थांबते, पण आत्या मैदानाला वळसा घालून मोठ्या रस्त्यानं समोरून आली. श्रुतिकाला एकदम लक्षात आलं, की आजवर घरातलं एकही वडीलधारं माणूस तिनं त्या गल्लीतून येताना पाहिलेलं नाही. सोळा वर्षं! आणि आपण स्वतःला हुशार समजतो.

दिवेलागणीला सगळे पुढच्या खोलीत बसले. श्रुतिकाची आई, सीता, लाखोरीच्या डाळीचे गरम वडे आणून ठेवत होती आणि कुणी हात लावत नव्हतं, यावरूनच काय ते समजावं.

"अर्जीवर सही नाही होनार," मोठेबाबांनी सांगून टाकलं. "घर माह्या नावानं आहे. गल्लीत फाटक नोको. रजत, गाडी मैदानात ठेव महिनाभर."

"आन् पौर्णिमाले?" रजत म्हणाला. "तिचं बीपी वाढून राह्यलं बाबा. लांजीले मायेरी पाठवाले डॉक्टरीण नाही म्हनली, एवढा रस्ता नोको म्हने. दुखाले लागलं का अर्ध्या घंट्यात आना म्हने. समोर चार फुटाचा खड्डा. तिले काय उडवत नेऊ?"

"फळी टाकू खड्ड्यावर. चार जन खाटेवर उचलू."

'खाट' म्हणताच गोदाआत्यानं नुकताच उचललेला वडा तिच्या हातून ताटात पडला.

"दादा," ती म्हणाली, "खाटेचं नाव नोको काढू."

श्रुतिकाचे बाबा, प्रीतम, घरातले सगळ्यांत धाकटे. दादांच्या शब्दाला मान हलवायची त्यांना जन्माची सवय. "दादा म्हनते तं काही इचार करूनच..." त्यांनी सुरुवात केली.

"पण काहून?" श्रुतिका मध्येच म्हणाली.

"श्रुतिका!" आई.

"नाही आई, बोलू दे. मॅडमनी नियम सांगितला, आन् त्याचं कारणबी सांगितलं. कोपऱ्यावरून गाडी निघाली तं वळणाऱ्याले दिसत नाही, टक्कर होते, म्हणून वीस फूट. आपल्या घरच्या नियमाचं कारण कोण सांगणार? त्या भिंतीत असं आहे तरी काय?"

भाषणाच्या स्पर्धेत अशा वाक्यावर टाळ्या पडल्या असत्या. इथं मोठेबाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. गोदाआत्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

आणि मग जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. बाबांनी मान हलवली नाही.

"सांग दादा," ते म्हणाले. "नाही तं मी सांगतो. मी हिच्याएवढाच होतो तवा. विटा उचलून मीच देल्त्या."

"प्रीतम."

"बस झालं दादा. चौतीस वर्सं झाली." बाबा रजतकडं वळले. "बाळा, तुही माय तुह्या जन्माच्या वक्ती गेली, हे तुले मालूम आहे. कशी नेली, हे नाही मालूम. दोन दिवस दुखत होतं चंपावयनीले. तू आला आन् ती गेली. बुढे लोक म्हने, बाळंतीन मेली का तिचा जीव लेकरात अटकते. दारातून नेली तं दारातूनच वापस येते. म्हनून दारातून नाही नेली. आता आंगन आहे तिथं तिची खोली होती, त्या खोलीची गल्लीकडची भिंत फोडली, खाटेवर तिथून काढली, आन् घाटावर पोहोचाच्या आत भिंत बंद केली. म्हंजे तिले वाट नाही भेटली पायजे."

"आन् मोहरी?" श्रुतिकानं विचारलं. आपला आवाज इतका बारीक होऊ शकतो, हे तिला माहीत नव्हतं.

"तिच्या मागं मोहरी पेरत जातेत, नदीपर्यंत. वापस येताना तिले एकेक दाना वेचा लागते. वेचता वेचता उजाडते. मंग दुसऱ्या दिवशी पुन्हा पह्यलेपासून."

नीचे बैठी है. कुछ बीन रही है.

श्रुतिकानं दादाकडं पाहिलं. तो तिच्याकडंच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. भीती असती तर बरं झालं असतं.

"म्हंजे," रजत हळूहळू म्हणाला, "माह्या मायले तुम्ही फोडलेल्या भिंतीतून बाहेर काढलं. आन् मी कोठी होतो?"

"गोदाबाईच्या मांडीवर," बाबा म्हणाले.

"लहानपनी मी त्या भिंतीपाशीच अभ्यासाले बसो. तुम्ही मले मारून उठवत होते, बाबा. मी म्हनो, असं का बरं चुकलं माह्यं? तिथंच झोप लागे मले. आंग गरम राहे."

मोठेबाबांनी तोंड पुन्हा कॅलेंडरकडं फिरवलं.

"उघडू नोको बाळा," गोदाआत्या एकदम म्हणाली. तिचा तो कटंगीचा कडक आवाज कुठल्या कुठं गेला होता. "घरात पोटुशी बाई आहे. तिचं बाळंतपन अर्धं राह्यलं, ती पुरं कराले येईन. बंद आहे तं बंद राहू दे. तुह्या पाया पडतो मी."

"बाई बरोबर म्हनते," आई दारातून म्हणाली. आईचं आणि आत्याचं एकमत झालेलंही श्रुतिकानं पहिल्यांदाच ऐकलं.

"मी रजतसंग आहे," बाबा म्हणाले.

"तुले कोनी इचारलं?" मोठेबाबा गरजले, आणि मग एकाच वेळी सगळे बोलायला लागले.

पौर्णिमावहिनी दोन्ही हात कमरेवर टेकत उठली. तिला उठायला इतका वेळ लागला, की तोवर सगळे आपोआप गप्प झाले.

"मले मेलेल्यायचं भेव नाही लागत आत्या," ती म्हणाली. "मले खड्ड्याचं भेव लागते."

आणि ताटातला एक वडा उचलून, खात खात, आत निघून गेली.

*

गुरुवारी धुकं असं होतं, की पिवळं मशीन दिसण्याआधी नुसतं ऐकू आलं. समोरच्या कामाआधी त्यानं गल्ली हाती घेतली. तिथं नाली खोदायची नव्हती, फक्त कडेची पट्टी सपाट करायची होती. दोन फेऱ्या, तीन फेऱ्या, झालं. निघालेली माती ट्रॉलीत पडली आणि ट्रॉली नदीकडं गेली.

श्रुतिका शाळेचा स्वेटर चढवून दाराशी आली, तर गोदाआत्या तिला धक्का मारून अनवाणी गल्लीत धावली. गल्लीत! श्रुतिका मागं पळाली. धुक्यात आत्या भिंतीच्या बुडाशी उकिडवी बसून मातीवरून हात फिरवत होती, जणू मण्यांची माळ तुटलीय आणि ती मणी शोधतेय.

"एकबी नाही राह्यली," ती पुटपुटत होती. "एकबी नाही."

"काय आत्या?"

"मोहरी वं! दरसाल झडे, दरसाल नवी ये. तिचं वेचनं काही सरत नव्हतं. आता तिले वेचाले काहीच नाही राह्यलं." आत्यानं वर पाहिलं. धुक्यात तिचा चेहरा कुणा तरुण बाईचा वाटला, क्षणभरच. "नदीपर्यंत पेराची होती. पेराले मलेच सांगतलं होतं. मी नाही पेरली. सगळीच्या सगळी इथंच ओतली, भिंतीखाली."

"काहून?"

"लेकरू मांडीवर टाहो फोडून राह्यलतं. म्हटलं, इतक्या दूर काहून धाडाची तिले? राहू दे जवळ. अजून सांगू? भिंत बंद कराले गवंडी तयार नव्हता, त्याले भेव लागे. प्रीतम विटा दे, मी लावो. सव्वीस वर्साची होती मी. कमरेच्या वरतं एक वीट कोरडीच ठेवली. मातीचा गाराच नाही लावला. माय बाहेर, लेकरू आत, रडनं तं ऐकू जाऊ दे." आत्यानं मुठीतली माती खाली सोडली. "मले वाटलं, मी माया करून राह्यली. मी तं तिले खुट्याले बांधून ठेवली वं पोरी. ना जाता येई, ना येता येई. चौतीस वर्सं! आता कोन्या तोंडानं तिच्यासमोर उभी राहू मी?"

"कोनती वीट?"

आवाज मागून आला होता. खडूच्या पहिल्या रेघेपाशी मोठेबाबा उभे होते. त्यांनी केव्हापासून ऐकलं होतं, देव जाणे.

आत्यानं बोट दाखवलं नाही. गरजही पडली नाही. मोठेबाबा त्या ओलसर चौकटीसमोर आले, डोळे मिटले आणि तळहात विटांवरून फिरवत नेला, आंधळ्या माणसानं ओळखीचा चेहरा चाचपावा तसा. कमरेच्या थोडं वर हात थांबला. त्यांनी नखांनी चुना खरवडला, दोन्ही बाजूंनी धरून ओढलं. वीट कुरकुरली नाही, अडली नाही. ओठांतून श्वास निघावा तशी निघाली.

मागोमाग मोहरी.

भळाभळा, पोत्याला भोक पडल्यासारखी, बारीक काळी मोहरी त्या भोकातून वाहायला लागली. मोठेबाबांच्या मनगटावरून, पायांवरून, अनवाणी आत्याच्या मांडीत. एक मूठ नाही, दोन मुठी नाही. शेर-दोन शेर. वर्षानुवर्षांची. जुने दाणे धुळीसारखे, वरचे अजून चकचकीत.

नंतर बाबा म्हणाले, की मुंग्यांनी साठवले असतील, उंदरांनी साठवले असतील. असतीलही. पण तेव्हा तिघांपैकी कुणालाच उंदीर आठवला नाही. दाणे संपले, तेव्हा भोकातून पलीकडचं अंगण दिसलं, आणि खाटेवर बसून वेणी घालणारी पौर्णिमावहिनी.

मोठेबाबा कितीतरी वेळ वाकून त्या भोकातून बघत राहिले. इतक्या वर्षांत तिथून काय काय दिसलं असेल, तेच बहुधा मोजत होते. मग सरळ झाले.

"श्रुतिका," ते म्हणाले, "मॅडमचा कागद आन."

*

अर्ज श्रुतिकानंच भरला, सुंदर अक्षरात. रुंदी दहा फूट. कोपऱ्यापासून अंतर वीस फूट. शुक्रवारी पालिकेच्या शिबिरात त्याच्यावर शिक्का बसला आणि शनिवारी सकाळी चैतराम गवंड्यानं पहिला घण घातला. खरं तर दुसरा. पहिला मोठेबाबांनी घातला, आणि मग ते अंगणातल्या खाटेवर जाऊन बसले ते बसलेच.

बाराच्या सुमाराला तोंड मोकळं झालं. विटांचे तुकडे ठोकून चैतरामनं कामचलाऊ उतार केला, सगळा भिंतीच्या रेषेच्या आत. अंगणात गल्लीकडून पहिल्यांदाच ऊन शिरलं, आणि त्या उन्हात पौर्णिमावहिनी दाराची चौकट धरून उभी होती, ओठ दाताखाली.

"रजतले फोन लाव," ती श्रुतिकाला म्हणाली. "सुरू झालं."

दादा मैदानातून व्हॅन घेऊन चार मिनिटांत आला. मोठ्या रस्त्याला खड्डा होता, समोरचा रॅम्प नव्हताच. गल्लीतून उलटी गाडी घेत तो नव्या तोंडाशी वळला. बाबा एका बाजूला, आई एका बाजूला वहिनीला धरून. श्रुतिका मध्ये, हात वर करून.

"येऊ दे दादा, येऊ दे!"

टूं... टूं... टूंटूंटूंटूं.

गाडी थांबली. यंत्र थांबेना.

"श्रुतिका," दादा खिडकीतून म्हणाला. मागं वळला नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर. "मागं कोन आहे?"

तिथं ऊन होतं. विटांची लाल धूळ होती, ती अजून खाली बसायची होती, आणि एका ठिकाणी बसत नव्हती.

"कोनी नाही दादा," श्रुतिका म्हणाली. तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत वाईट भाषण होतं.

टूंटूंटूंटूं. वहिनी कण्हली. बाबा ओरडले, "अरे घे ना मागं!" दादा हलला नाही. जिच्यावर गाडी घालायची नाही, ती त्याला आरशात दिसत नव्हती, एवढंच.

तेव्हा गोदाआत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. डोक्यावरून पदर. बाळंतीण घरी येते तेव्हा जे करतात, ते करायला ती नव्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. तिनं भाकरतुकडा रिकाम्या हवेवरून ओवाळला, तीनदा, एका बाईच्या उंचीवर. तुकडा बाजूला टाकला. त्या जागेवर पाणी ओतलं.

"चुकलं वयनी माह्यं," ती म्हणाली. "लेकरू मोठं झालं तुह्यं. ये. आत ये."

टूंटूंटूं.

टूं... टूं.

टूं... 

कुणीतरी गाडीच्या मागून निघून सावकाश, बिचकत, अंगणात चालत जावं, तसा तो आवाज लांबला. विरळ झाला. थांबला.

दादानं बाहीनं डोळे पुसले आणि गाडी एका दमात आत घेतली. वहिनीला बसवलं, आई चढली, बाबा चढले, आत्या तांब्यासकट चढली. व्हॅन दहा फुटांच्या तोंडातून निघाली, कोपऱ्यापासून वीस फूट अंतर राखून, नियमाप्रमाणे, आणि मैदानाकडं दिसेनाशी झाली.

अंगणात दोघंच उरली. श्रुतिका आणि मोठेबाबा. मोठेबाबा खाटेच्या मधोमध बसले होते. श्रुतिका बघत होती, म्हणून तिला दिसलं. ते हळूच एका कडेला सरकले, कुणाला जागा करून द्यावी तसे. खाटेचा काथ्या दुसऱ्या बाजूलाही किंचित खाली गेला.

ती पळाली नाही. दाराच्या पायरीवर बसून राहिली, फोन दोन्ही हातांत धरून. ऊन सरकलं. चैतराम घमेली धुऊन गेला. मोठेबाबा खाटेवरून उठले नाहीत.

सांज व्हायच्या आधी फोन वाजला. दादा होता. नीट बोलता येत नव्हतं त्याला, हसत होता की रडत होता. "पोरगी झाली," त्यानं सांगितलं. "दोघीबी बऱ्या आहेत. दोघीबी, श्रुतिका! बाबाले सांग."

तिला सांगावं लागलं नाही. मोठेबाबांनी ऐकलं होतं. त्यांनी मान वळवली, तिच्याकडं नाही, खाटेच्या रिकाम्या अर्ध्याकडं. आणि श्रुतिकानं कधीच न ऐकलेल्या, तिशीतल्या माणसाच्या आवाजात म्हणाले,

"ऐकलं काय? नात झाली वं आपल्याले."